वरळीच्या चाळी व ‘तुरुंगा’ची दंतकथा

मुंबईंतील वरळी, नायगांव व ना. म. जोशी मार्ग येथील बी. डी. डी. चाळी पाडून त्यांच्या जागीं उंच इमारती बांधण्याचें काम गेलीं कांहीं वर्षें चालू आहे. ता. २२ एप्रिल २०१७ रोजीं वरळीच्या जांबोरी मैदानावर या कामाचें भूमिपूजन झालें, आणि ता. १४ ऑगस्ट २०२५ रोजीं वरळी येथील पहिल्या दोन चाळीस मजली इमारतींतील ५५६ सदनिकांच्या किल्ल्या जुन्या रहिवाशांच्या हातीं पडल्या. या निमित्तानें वर्तमानपत्रांतून व मंडळांच्या स्मरणिकांतून चाळींच्या पुष्कळ आठवणी प्रसिद्ध झाल्या व अद्याप होत आहेत. त्यांतील बऱ्याच आठवणींत एक विधान निःशंकपणें केलेलें आढळतें. तें असें कीं, या चाळी इंग्रज सरकारनें मुळांत तुरुंग म्हणून बांधल्या आणि मागाहून त्यांत कामगारांस राहावयास दिलें. कोणी तुरुंगाच्या जागीं लष्कराच्या बराकी सांगतात. विधानास आधार कोणता, हें कोणीच सांगत नाहीं. आधीच्या लेखावरून पुढचा लेख उतरला गेला आहे हें उघड दिसतें. हें विधान खरें कीं खोटें, खोटें असल्यास तें उत्पन्न कसें झालें, आणि त्याच्या निमित्तानें या आठवणवाङ्मयाची एकंदर योग्यता काय ठरते, याचा विचार येथें करावयाचा आहे.

इतक्या अलीकडच्या विषयास या त्रैमासिकांत जागा कां, अशी शंका आमच्या वाचकांपैकीं कांहींस येईल. आम्ही ज्या भागांत राहतों त्याच भागांतील एक उदाहरण देतों. चाकणच्या संग्रामदुर्गास शाएस्तेखानानें १६६० सालीं वेढा दिला व फिरंगोजी नरसाळ्यानें तो छप्पन दिवस लढविला. या वेढ्याविषयीं कांहीं लिहावयाचें झाल्यास आपण मराठी बखर, संस्कृत काव्य व फारशी तवारीख हीं तिन्हीं साधनें शेजारीं ठेवतों, लेखक प्रसंगापासून किती वर्षें दूर होता तें पाहतों, आणि मगच लेखणी उचलतों. तो किल्ला आज तटाच्या थोड्याशा अवशेषापुरता उरला आहे. म्हणजे विटा-दगडांची साक्ष संपून कागदाची साक्ष तेवढी शिल्लक राहिली आहे. वरळीच्या ज्या चाळी पडल्या त्यांची स्थिति आज तीच आहे. साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या बुरुजाला जी कसोटी लावावयाची ती शंभर वर्षांपूर्वींच्या चाळीला लावूं नये असा नियम कोणत्याही शास्त्रांत नाहीं.

प्रथम ज्या गोष्टी निश्चित आहेत त्या सांगतों. पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां मुंबईंतील घरांची टंचाई पराकोटीस पोंचली होती. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ सालीं स्थापन झालेल्या सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टनें दाट वस्तीचे भाग पाडून रुंद रस्ते काढले व कांहीं चाळीही बांधल्या, पण कामगारांची संख्या त्याहून वेगानें वाढत होती. युद्धकाळांत भाडीं इतकीं चढलीं कीं १९१८ सालीं सरकारास भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. त्याच वर्षीं इन्फ्लुएंझाची सांथ आली. १९१९ व १९२० या दोन्ही वर्षांच्या आरंभीं गिरण्यांतून मोठे संप झाले. अशा स्थितींत गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांनीं १९२० सालीं डेव्हलपमेंट खातें उघडलें. बी. डी. डी. या आद्याक्षरांचा उगम तोच. बॅक बेचा समुद्र हटवून जमीन काढणें आणि कामगारांसाठीं एकेका खोलीचीं पन्नास हजार बिऱ्हाडें बांधणें, हीं त्या खात्याचीं दोन मोठीं कामें. पैकीं पहिल्या कामाची ‘लॉईडचा मूर्खपणा’ म्हणून जी अपकीर्ति झाली व तीवरून नरीमन यांनीं जें रान उठविलें तो इतिहास प्रसिद्ध आहे. दुसऱ्या कामाचा इतिहास मात्र त्या गदारोळांत मागें पडला. चाळींच्या खर्चासाठीं सार्वजनिक कर्ज उभारण्यांत आलें, आणि शहरांत येणाऱ्या कापसाच्या गांठीमागें एक रुपया जकात बसविण्यांत आली. ज्या कापसावर गिरण्या चालत, त्याच कापसावरील करांतून गिरणीकामगारांचीं घरें व्हावयाचीं, अशी ही योजना होती.

शेवटीं बांधून झाल्या त्या २०७ चाळी: वरळीस १२१, नायगांवास ४२, डिलाईल रोडवर ३२ व शिवडीस १२. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्यामुळें सध्यांच्या योजनेच्या बाहेर राहिल्या. म्हणून हल्लींच्या कागदांत १९५ हा आंकडा येतो. दोन्ही आंकडे आपापल्या जागीं बरोबर आहेत, परंतु अनेक लेखांत त्यांची भेसळ झालेली दिसते. चाळ तळमजल्यासह चार मजल्यांची. एका मजल्यावर वीस, म्हणून चाळींत ऐंशी खोल्या. सर्व मिळून साडेसोळा हजारांच्या आसपास. म्हणजे पन्नास हजारांचा संकल्प तिसऱ्या हिश्शावर येऊन थांबला. खोलीचें क्षेत्र १६० चौरस फूट, आंत मोरी, शौचकूप सामाईक. मधून एक बोळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर खोल्या, अशी रचना. बांधकाम सिमेंट-काँक्रीटचें, मुंबईंतील सामान्य घरांस तें त्या काळीं नवेंच होतें. (ज्या वर्षीं हें खातें निघालें त्याच वर्षीं, १९२० च्या ऑक्टोबरांत, अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस मुंबईंत स्थापन झाली. तिच्या संस्थापकांतील नारायण मल्हार जोशी यांचेंच नांव पुढें डिलाईल रोडला मिळालें, आणि २०२२ सालीं सरकारनें तिन्ही वसाहतींस राजकीय पुढाऱ्यांचीं नांवें जाहीर केलीं. पुढील संशोधकानें एकाच जागेचीं हीं तीन-तीन नांवें जवळ टिपून ठेवावींत. नाहीं तर एका वसाहतीच्या तीन वसाहती होतील.)

चाळी उभ्या राहिल्या, पण त्यांस भाडेकरी मिळेनात. वरळी त्या वेळीं गिरण्यांपासून आडबाजूस. बाजारहाट व जाण्यायेण्याची सोय अपुरी. भाडें कामगाराच्या मिळकतीच्या मानानें जड, आणि तरीही तें सरकारास बांधकामाच्या खर्चाच्या मानानें कमीच. खोल्या मोठ्या संख्येनें रिकाम्या पडून राहिल्या. बर्नेट-हर्स्ट यांचा मुंबईच्या मजुरांविषयींचा व घरांविषयींचा ग्रंथ १९२५ सालीं प्रसिद्ध झाला, तेव्हां या चाळी नव्या होत्या. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर कमिशनचा अहवाल १९३१ चा. दोहोंतही या चाळींचा विचार आला आहे, आणि तो कामगारांच्या घरांचा एक प्रयोग म्हणूनच आला आहे. तुरुंगासाठीं बांधलेली इमारत म्हणून नव्हे.

मग १९३० सालीं कायदेभंगाची चळवळ उठली. इलाख्यांतील तुरुंग सत्याग्रहींनीं भरले आणि सरकारनें वरळीच्या कांहीं चाळींत तात्पुरता तुरुंग उघडला. ‘वरळीचा तात्पुरता तुरुंग’ असेंच त्याचें सरकारी नांव होतें. त्यांतील ‘तात्पुरता’ या विशेषणाकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. जी इमारत तुरुंग म्हणूनच बांधली तिला तात्पुरता तुरुंग कोणी म्हणत नाहीं. दहा वर्षांपूर्वींचा हेतु आणि दहा वर्षांनंतरचा उपयोग यांची अदलाबदल होऊन दंतकथा तयार झाली. आधी घर, मग ओसाडी, मग थोडे दिवस तुरुंग, मग पुन्हां घर, हा खरा क्रम. दंतकथेंत पहिले दोन टप्पे गळाले व तिसरा पहिला झाला. कालक्रमाची अशी उलटापालट बखरींत आपण पदोपदीं पाहतों. दोन मोहिमांची एक होते, मागची स्वारी पुढें जाते, आणि सांगणाऱ्यास त्यांत कांहीं चुकलें असें वाटत नाहीं. बराकींच्या पाठभेदास तर एवढाही आधार नाहीं. बराकी बांधावयाच्या असत्या तर त्यासाठीं कापसावर शहरजकात बसवावयाची व भाड्याचा हिशेब मांडून तोटा सोसावयाचा, हा खटाटोप कशासाठीं?

येथवर दंतकथेचें खंडन झालें. परंतु एवढ्यावर थांबणारा टीकाकार अर्धेंच काम करतो असें आमचें मत आहे. कै. राजवाडे यांनीं बखरींस झोडपलें तरी बखरी वाचण्याचें आपण सोडलें नाहीं. कारण बखरींतली तारीख चुकली तरी बखरकाराच्या काळचा समज त्यांत उतरलेला असतो व तोही पुरावाच. बोळाच्या दोन्ही बाजूंस ओळीनें एकसारखीं दारें, मजल्यामागून मजला तसाच, चाळीमागून चाळ तशीच, आणि त्या सर्वांस सरकारनें घातलेले क्रमांक: या रचनेंत ज्यानें वयाचीं पन्नास वर्षें काढलीं त्यास हें घर माणसांच्या मोजदादीसाठीं बांधलें असें वाटल्यास नवल नाहीं. लॉईडसाहेबाच्या खात्यानें कामगाराचा विचार ‘एक बिऱ्हाड, एक खोली’ असा केला होता. त्याच सुमारास विलायतेंत १९१९ च्या अॅडिसन कायद्यानें नगरपालिका सरकारी साह्यानें घरें बांधूं लागल्या होत्या. तेथील कामगाराच्या वांट्यास निरनिराळ्या खोल्यांचें घर व परसांत थोडी बाग आली. येथील कामगारास १६० चौरस फूट. ही तुलना रहिवाशांनीं केली नव्हती. त्यांनीं आपल्या डोळ्यांसमोरील दुसऱ्या सरकारी इमारतीशीं, म्हणजे तुरुंगाशीं, तुलना केली. त्यांचें विधान इतिहास म्हणून खोटें आहे, अभिप्राय म्हणून तें विचारांत घेण्यासारखें आहे. आमचा आक्षेप रहिवाशांवर नाहींच. जे लेखक हा अभिप्राय इतिहास म्हणून छापतात त्यांच्यावर आहे. कारण तसें केल्यानें सरकारचा खरा दोष झांकला जातो. तुरुंग म्हणून बांधलेली इमारत घर म्हणून वाईट असली तर तीत बांधणाऱ्याचा काय अपराध? घर म्हणून, कामगाराचा विचार करून, सर्व आंकडेमोड करून बांधलेली इमारत अशी झाली, हा आरोप त्याहून फार जड आहे, आणि कागदांच्या आधारानें तो शाबीत करतां येतो.

पाडलेल्या वसाहतीभोंवतीं अशी खोटी गोष्ट जमण्याचा प्रकार आपल्याकडेच घडला असें नव्हे. अमेरिकेंत सेंट लुई येथें दुसऱ्या महायुद्धानंतर प्रुइट-आयगो नांवाची अकरा मजली तेहतीस इमारतींची सरकारी वसाहत बांधली गेली. वास्तुविशारद मिनोरू यामासाकी. वीस वर्षांच्या आंत ती इतकी बिघडली कीं १९७२ सालीं सुरुंग लावून पाडावयास आरंभ झाला. चार्ल्स जेंक्स या लेखकानें १९७७ सालीं, आधुनिक वास्तुकला अमक्या दिवशीं अमक्या मिनिटाला येथें मरण पावली असें लिहिलें आणि या वसाहतीच्या आराखड्यास वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचें पारितोषिक मिळालें होतें असेंही सांगितलें. तें वाक्य पुढें सर्वत्र उतरलें गेलें. १९९१ सालीं कॅथरीन ब्रिस्टल या विदुषीनें कागद तपासून असें दाखविलें कीं असलें पारितोषिक या वसाहतीस कधींच मिळालें नव्हतें. तेवढ्यावर न थांबतां तिनें हेंही दाखविलें कीं, या गोष्टीमुळें सर्व दोष आराखडा काढणाऱ्याच्या माथीं गेला आणि घरांसाठीं पैसा न देणारें धोरण व वर्णभेद हीं कारणें दृष्टिआड झालीं. म्हणजे दंतकथेनें एकाचा अपराध दुसऱ्याच्या नांवावर चढविला. वरळीच्या तुरुंगाची कथा हेंच काम उलट्या बाजूनें करते.

आतां आठवणवाङ्मयाच्या दुसऱ्या एका दोषाकडे वळतों. हा दोष अधिक सूक्ष्म आहे. चाळ म्हटली कीं मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें गॅलरी येते: कठड्यावर वाळत टाकलेलें धोतर, खालीं चौक, समोरच्या बिऱ्हाडांत काय शिजलें याची खबर, गणपतींत नाटक. हें चित्र मराठी वाङ्मयांत पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ या १९५८ च्या पुस्तकानें कायमचें बसविलें. तें चित्र पांढरपेशांच्या, खासगी मालकाच्या चाळीचें आहे आणि तेथें तें यथार्थही आहे. परंतु बी. डी. डी. चाळीची सर्वसाधारण रचना गॅलरीची नाहीं, मधल्या बोळाची आहे, हें वर सांगितलेंच. बोळांत दिवसाही उजेड बेताचा; समोरासमोर दारें असल्यानें शेजाऱ्याशीं संबंध कठड्यावरून बोलण्याचा नसून उंबरठ्यावरून उंबरठ्यावर जाण्याचा. हा फरक लहान नाहीं. तरीही वरळीच्या आठवणी लिहिणारे कित्येक लेखक गिरगांवची गॅलरी नकळत वरळीस नेऊन बसवितात. जुन्या पोथीच्या नकलेंत नक्कलकारानें तोंडपाठ असलेला पाठ मूळ पाठाच्या जागीं घालावा तसा हा प्रकार आहे, आणि तो ओळखण्याची रीतही तीच: जो पाठ अधिक गोड व अधिक ओळखीचा तो अधिक संशयास्पद.

नीरा आडारकर यांनीं संपादित केलेला मुंबईच्या चाळींवरील इंग्रजी लेखसंग्रह २०११ सालीं निघाला. चाळ हा विषय गंभीर अभ्यासास पात्र आहे हें त्यानें सिद्ध केलें, याबद्दल संपादिकेचे आभार मानले पाहिजेत. मात्र गॅलरी हा शब्द त्या ग्रंथाच्या उपनामांतच आहे, आणि नांवाचा प्रभाव वाचकावर पडतो तो पडतोच. त्याच विदुषीनें मीना मेनन यांच्यासह सिद्ध केलेला गिरणगांवच्या तोंडी इतिहासाचा ग्रंथ (२००४) आम्हांस या बाबतींत अधिक मोलाचा वाटतो. त्याचा मराठी अवतारही आहे, तो आमच्या वाचकांनीं अवश्य पाहावा. तेथें शंभर माणसें आपापल्या तोंडानें बोलतात व एकाचें दुसऱ्याशीं जुळत नाहीं तेव्हां तें तसेंच राहूं दिलें आहे. साधनें छापण्याची हीच पद्धति आपण आपल्या साधनग्रंथांत पाळतों.

या गोड पाठाचा सर्वांत मोठा तोटा म्हणजे त्यांत १९७४ साल बसत नाहीं. ता. ५ जानेवारी १९७४ रोजीं वरळीस दलित पँथरच्या सभेच्या वेळीं दंगल पेटली, ती नायगांवापर्यंत गेली व कित्येक आठवडे धुमसत राहिली. ता. १० जानेवारीस निषेधाच्या मोर्चांत भागवत जाधव हा कार्यकर्ता मारला गेला. सरकारनें न्यायमूर्ति भस्मे यांचें चौकशी कमिशन नेमलें. त्या अहवालाच्या शीर्षकांतच वरळी व नायगांव येथील बी. डी. डी. चाळींचें नांव आहे. मुंबईंतील किती चाळींच्या नांवानें अशी सरकारी चौकशी झाली असेल? चाळींतील वस्ती जातवार कशी पडली होती, ज्या चाळींत पोलिसांचीं कुटुंबें राहत तेथील पोलीस शेजारी म्हणून वागले कीं शिपाई म्हणून, हे प्रश्न ‘आम्ही सगळे एका कुटुंबासारखे होतों’ या वाक्यांत मावत नाहींत. तें वाक्य लिहिणारे खोटें बोलतात असें आमचें म्हणणें नाहीं. एका चाळीपुरतें, एका मजल्यापुरतें तें खरें असेल. पण १२१ चाळींचा इतिहास एका मजल्यावरून लिहितां येत नाहीं. एखाद्या स्मरणिकेंत उत्सवांचे वृत्तांत वर्षवार दिले असतां १९७४ च्या जागीं गाळलेली ओळ दिसली, तर ती गाळलेली ओळही टिपून ठेवावी.

आतां या सर्वांचा पिंपरी-चिंचवड व चाकण या आमच्या भागाशीं संबंध काय, तें सांगतों. खेड, मावळ, जुन्नर, आंबेगांव या तालुक्यांतील तरुण पिढ्यान् पिढ्या मुंबईस गेले. मुंबईचे डबेवाले तर मुख्यत्वेंकरून इकडचेच. गिरण्यांत व गोदींतही इकडचीं माणसें होतीं. पुढें ओघ फिरला. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, १९६२ सालीं औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें, १९७२ सालीं नवनगर विकास प्राधिकरण आलें, आणि मागाहून चाकणचें माळरान कारखान्यांनीं भरलें. १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला व त्यांतून गिरण्या पुन्हां पूर्वीसारख्या उठल्याच नाहींत. मुंबईच्या खोलींत वाढलेला मुलगा पिंपरीच्या कारखान्यांत लागला, अशीं घरें इकडे थोडीं नाहींत. म्हणून वरळीच्या चाळींचें दप्तर फक्त वरळीस शोधून भागणार नाहीं. त्याचा एक भाग निगडी, आकुर्डी, भोसरी व खेड तालुक्यांतील वाड्या येथें पत्र्याच्या पेट्यांतून पडला आहे.

हें दप्तर कशा स्वरूपांत उरतें, हा मुद्दा संग्राहकांच्या दृष्टीनें फार महत्त्वाचा आहे. आमच्या वाचकांस इनाम कमिशनचा इतिहास सांगावयास नको. १८५२ च्या अकराव्या कायद्यानें इनामदारांकडून सनदांचा पुरावा मागितला गेला. चिंचवडकर देवांसारख्या मोठ्या देवस्थानापासून चावरभर जमिनीच्या इनामदारापर्यंत प्रत्येकानें आपले कागद बाहेर काढले. कांहींनीं नवे बनविलेही. आज आपल्या घराण्यांच्या दप्तरांत सनदा व ताकीदपत्रें भरपूर आणि घरगुती पत्रव्यवहार थोडा, याचें एक कारण हेंच कीं ज्या कागदानें हक्क शाबीत होतो तो जपला गेला, बाकीचा वाळवीस व बंबास गेला. बी. डी. डी. चाळींचा पुनर्विकास हें या अर्थीं एक नवें इनाम कमिशन आहे. जुन्या खोलीच्या बदल्यांत ५०० चौरस फुटांचें घर मिळावयाचें, तें ‘पात्र’ ठरलेल्यास. पात्रतेसाठीं भाडेपावती, शिधापत्रिका, विजेचें देयक, मतदारयादींतील नांव. हे कागद प्राणापलीकडे जपले जातील, आणि शंभर वर्षांनंतरच्या संशोधकाच्या हातीं तेच लागतील. त्यांवरून तो असा इतिहास लिहील कीं एका खोलींत एक भाडेकरू व त्याचें कुटुंब राहत होतें. म्हणजे लॉईडसाहेबाच्या आराखड्यांत जें होतें तेंच.

निगडीस प्राधिकरणांत राहणाऱ्या एका गृहस्थांनीं आपल्या वडिलांची पेटी दोन महिन्यांपूर्वीं आमच्याकडे पाहावयास आणली. वडील खेड तालुक्यांतील, मुंबईस गिरणींत होते, खोली वरळीची. पेटींत सुतळीनें बांधलेल्या भाडेपावत्यांचा गठ्ठा होता, दोन शिधापत्रिका होत्या, आणि तळाशीं एक लांबोडकी हिशेबाची वही होती. वही गांवच्या भैरवनाथाच्या यात्रेच्या वर्गणीची. मुंबईंत राहणाऱ्या गांवकऱ्यांनीं दरसाल किती दिलें, तें खोलीच्या क्रमांकाप्रमाणें लिहिलें आहे. पावत्यांवर एका खोलीस एकच नांव आहे. वहींत त्याच खोलीच्या क्रमांकापुढें नांवांची ओळ लागली आहे, आणि ती दरसाल थोडी बदलते: एक नांव खोडलें जातें, दुसरें येतें. पाळीवर जाणारा व पाळीवरून येणारा एकाच वळकटीवर निजत असत, हें गिरणगांवांत सर्वश्रुत आहे. पण सर्वश्रुत गोष्टीचा समकालीन लेखी पुरावा हातीं येणें निराळें. बोळाच्या त्या एकसारख्या दारांमागें खरोखर कोण राहत होतें, हें या वहीवरून समजतें, आणि पावत्यांवरून कधींच समजलें नसतें. उलट पावती नसती तर ही खोली कोणत्या चाळींतली हें वहीवरून सांगतां आलें नसतें, कारण वहींत चाळीचा क्रमांक लिहिण्याची गरज कोणास वाटली नव्हती. दोन कागद एकमेकांवांचून अर्धे आहेत.

वहीच्या शेवटच्या पानांवर वर्गणीचे आंकडे नाहींत. एका वर्षाच्या रकान्यांत फक्त ‘संप’ एवढेंच लिहून पुढचीं पानें कोरीं सोडलीं आहेत.

आम्हीं त्या गृहस्थांस दोन्ही कागद मंडळाच्या संग्रहास देण्याची विनंती केली. त्यांचे थोरले बंधु अद्याप वरळीस आहेत व त्यांच्या पात्रतेचें प्रकरण निकालांत निघावयाचें आहे. तेव्हां पावत्या देणें शक्य नाहीं, असें त्यांनीं नम्रपणें सांगितलें. त्यांचें म्हणणें सर्वथैव योग्य होतें. पावत्यांचीं छायाचित्रें घेऊं देऊन मूळ गठ्ठा त्यांनीं पुन्हां त्याच सुतळीनें बांधला व परत नेला. वही ठेवून गेले. ती कोणत्या कामाची, असें त्यांनीं जातांना आम्हांस दोनदां विचारलें.